बिनरांगेचा दिवस

मित्रांनो, मी जुनी झाले आहे हे मला कुणी सांगावे लागत नाही. माझ्यावर माणूस बसला की मीच कुरकुरते. पोहण्याच्या तलावाकाठी पाय लांब करून पडायच्या ज्या खुर्च्या असतात, त्यांतली मी एक. माझ्या मागच्या पायावर एकतीस हा आकडा रंगवला होता. त्यातला एक पुसला गेला, त्यामुळे नवे लोक मला तीन नंबर समजतात. मी कुणाला दुरुस्त करायला जात नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला. मग एका बाईने प्लास्टिकचे पांढरे पट्टे कढत पाण्यात बुडवले. गरम पट्टा मऊ होतो आणि ओढला की लांबतो. तिने एकेक पट्टा भराभर माझ्या अंगावर ओढला आणि टोके पक्की केली. गार झाला की तो आपोआप आवळतो. शेजारी नवी पोर शिकायला बसली होती. तिला ती बाई म्हणाली, "गरम आहे तोवरच ओढ गं. एकदा गार झाला की कितीही जोर लाव, ऐकत नाही." माझ्याविषयी मी ऐकलेले ते पहिले वाक्य.

तिथून मी फ्लोरिडाला आले. थीम पार्काला लागून असलेल्या एका रिसॉर्टच्या तलावाकाठी, ताडाच्या झाडाजवळ मला मांडले. त्याला आता बावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत मी पार्कात कधी गेले नाही. पार्क मला माणसांच्या पायांवरून कळते. पहिल्या दिवशी पाय उड्या मारत येतात. दुसऱ्या दिवशी टाचांना पट्ट्या लावलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी बाप लोक बुटांसकट माझ्यावर आडवे होतात आणि म्हणतात, "एका राइडसाठी दीड तास उभा होतो. राइड किती वेळाची? तीन मिनिटांची." ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली असेल. सांगणाऱ्याला मात्र दर वेळी ती नवीच वाटते.

याच लोकांत ऑरविल आणि लोरेटा होते.

ते ओहायोचे. ऑरविल हिवाळाभर गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. त्यामुळे बर्फ संपल्यावर, एप्रिलमध्येच त्याला सुट्टी मिळायची. लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अठ्ठावीस वर्षे तिने खिडकीत उभे राहून पोरांच्या ताटांत जेवण वाढले. म्हणजे अठ्ठावीस वर्षे तिच्यासमोर रोज रांग होती. म्हणून तिने घरात एक नियम केला होता. सुट्टीच्या चौथ्या दिवशी कुणीही, कशासाठीही रांगेत उभे राहायचे नाही. पार्कात जायचे नाही. घसरगुंडीपुढे दोन पोरे उभी असली तरी तिसरे व्हायचे नाही. आईस्क्रीम हवे असेल तर गाडीपुढे कुणी नसेल तेव्हाच जायचे, आणि तेही सगळ्यांनी मिळून खांद्याला खांदा लावून, आडवे उभे राहायचे.

"एकामागे एक उभे राहिलात की रांग," ती म्हणायची. "आडवे उभे राहिलात की कुटुंब."

आईस्क्रीमवाल्यांना हे विचित्र वाटायचे. पण लोरेटापुढे त्यांचे काही चालायचे नाही.

त्या दिवशी ऑरविलचे काम एकच. सकाळी तलावाचे फाटक उघडायच्या आधी येऊन ताडाजवळच्या खुर्च्या धरायच्या. टॉवेल पसरून त्याला चिमटा लावला की खुर्ची आपली, अशी इथली रीत आहे. त्यांच्याकडे पोपटांच्या आकाराचे दोन चिमटे होते. हिरवा त्याचा, लाल तिचा.

"फाटकापाशी उभा राहतोस, ती काय रांग नाही?" लोरेटा विचारायची.

"मी एकटाच असतो. एकट्या माणसाची रांग होत नाही."

"बरं सापडलंय तुला."

एका वर्षी लोरेटा माझ्यावर बसली आणि माझा मधला पट्टा तुटला. ती आतून खाली गेली. पाय वर, डोके वर, मधला भाग जमिनीला. मी शरमेने मेले असते, पण तीच इतक्या मोठ्याने हसली की पाण्यातली पोरे थांबून बघू लागली. "ऑरविल, हसू नकोस, मला बाहेर काढ!" ती म्हणत होती आणि स्वतःच हसत होती. त्या दुपारी ऑरविलने दुरुस्तीवाल्याकडून पट्टा मागून आणला. पांढरा संपला होता, निळा मिळाला. खोलीतल्या कॉफीच्या यंत्रात पाणी तापवून त्याने तो माझ्यावर ओढून बसवला. कामात त्याचे बोट भाजले. लोरेटाने त्याच्यावर गार लिंबूसरबताचा पेला धरला.

तेव्हापासून मी निळ्या पट्ट्याची खुर्ची झाले. दर एप्रिलमध्ये लोरेटा लांबूनच मला ओळखायची. शेजारच्या बत्तीस नंबरवर ऑरविल, एकतीसवर ती. मात्र माझ्यावर ती फार वेळ टिकायची नाही. तान्हे मूल घेतलेली एखादी बाई जागा शोधताना दिसली की लोरेटा उठलीच. "बसा हो. मला तसेही पाण्यात पाय सोडायचेत."

ऑरविल चिडायचा. "मी पहाटे उठून धरतो आणि तू वाटतेस!"

"मग आणखी एक धरत जा."

काही वर्षांपूर्वी जाड गाद्यांच्या नव्या खुर्च्या आल्या. आम्हा जुन्यांना पंपघराच्या भिंतीमागे उभे करून ठेवले. तिथे ऊन नव्हते, माणूसही नव्हते. माझ्या एका पायात मुंग्यांनी घर केले. एप्रिल आला की मात्र ऑरविल भिंतीमागे येऊन मला ओढून काढायचा, धुवायचा आणि ताडाखाली नेऊन मांडायचा. वर्षात एक दिवस मी खुर्ची असायचे. मला तेवढे पुरत होते.

या वर्षीही तो आला. सकाळी सातला फाटकाशी उभा होता. मला बाहेर काढताना त्याच्या हाताची पकड पूर्वीसारखी नव्हती. तो दोनदा थांबला. मला धुतले, मांडले, शेजारी बत्तीस मांडली. टॉवेल देणाऱ्या पोऱ्याकडून सवयीने दोन टॉवेल आणले. एक आपल्या खुर्चीवर पसरला, दुसरा माझ्यावर. डोक्याशी लाल पोपट लावला. आणि मग तो तसाच उभा राहिला, पोपटावर हात ठेवून.

मला वाटले, लोरेटा मागून येत असेल. मी पट्टे ताणून वाट पाहू लागले.

साडेआठला त्याची मुलगी जॅनिस आली, जावई ट्रेव्हर आला, नऊ वर्षांची टेसा आणि पाच वर्षांचा मायलो आला. लोरेटा आली नाही. जॅनिसने माझ्यावरचा टॉवेल पाहिला, लाल पोपट पाहिला. तिने मुलांकडे बघून नुसती मान हलवली. मुले मला वळसा घालून गेली. तेव्हा मला समजले.

मी खुर्ची आहे, मित्रांनो. मला रडता येत नाही. कुणी बसले तरच मला आवाज आहे, आणि माझ्यावर कुणी बसत नव्हते.

दिवस मात्र चांगला होता. मी खोटे सांगणार नाही. वारा होता, पाणी निळे होते. जॅनिसने डब्यातून शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचेस काढली. ट्रेव्हर पुस्तक छातीवर ठेवून झोपला. टेसाने ऊन लागू नये म्हणून लावायच्या मलमाने त्याच्या पोटावर मासा काढला. पोट भाजून लाल होईल आणि मासा पांढरा राहील, असा तिचा हिशेब होता. मायलो दर पाच मिनिटांनी ओरडायचा, "आजोबा, बघा!" आणि नाक दाबून पाण्यात उडी मारायचा. ऑरविल दर वेळी हात वर करायचा.

"बाबा, पाण्यात उतरता?" जॅनिसने विचारले.

"नको. सामानाजवळ कुणीतरी पाहिजे."

"सामान काय, दोन सँडविचं उरलीत."

"तेच सांभाळतो."

अकरा वाजता खुर्च्या संपल्या. लोक टॉवेल खांद्यावर टाकून फिरू लागले. एक तरुण बाई आली. अंगाशी बांधलेले तान्हे बाळ, खांद्याला पिशवी, पायांत पार्कातले फोड. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

"इथे कुणी आहे का हो?"

"आहे," ऑरविल म्हणाला. "येतेच आहे ती."

जॅनिस सँडविच गुंडाळत होती. तिचा हात थांबला. ती बाई "बरं, बरं" म्हणत पुढे गेली आणि तलावाच्या सिमेंटच्या काठावर उन्हातच बसली. बाळाच्या डोक्यावर तिने आपला हात धरला.

ऑरविलने तिकडे पाठ केली.

इथला एक नियम आहे. खुर्ची नुसती टॉवेलने धरून ठेवलेली दिसली की तलावाची देखरेख करणारी मारिसोल त्यावर वेळ लिहिलेली नारिंगी चिठ्ठी खोचते. तासाभरात कुणी आले नाही तर टॉवेल उचलायचा आणि खुर्ची दुसऱ्याला द्यायची. मारिसोल पोर्तो रिकोची. नियमाला कडक, बोलायला गोड. साडेअकराला तिने माझ्या निळ्या पट्ट्यात चिठ्ठी खोचली. ऑरविलने ती पाहिली. एकदा त्याने बोटाने ती काढायला घेतली आणि परत आत सारली. तो आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस होता.

त्या तासात तो माझ्याकडे कितीदा वळला ते मी मोजले नाही. टॉवेलचा कोपरा वाऱ्याने उडाला की तो सरळ करायचा. पोपट नीट आहे का बघायचा. चिठ्ठीवरची वेळ बघायचा, मग मनगटावरची. माझ्यावरून टॉवेल गेला असता तर मी पुन्हा कुणाचीही खुर्ची झाले असते. त्याला एवढेच भय होते. मलाही होते.

साडेबाराला मारिसोल आली.

"मिस्टर ऑरविल! या वर्षी दिसलाच नाहीत आधी. आणि आमच्या लोरेटा मॅडम कुठे आहेत? तासभर झाला, आता तुमची ओळख आहे म्हणून मी किती वेळ डोळे झाकू?"

"ती..." ऑरविल म्हणाला. त्याने आजूबाजूला पाहिले. समोर पिझ्झाच्या खिडकीपुढे माणसे उभी होती. "ती तिकडे रांगेत आहे."

पाण्याच्या कडेला टेसा उभी होती. केसांतून पाणी गळत होते. ती बोलली, भांडून नाही, दुरुस्त करावे तशी.

"आजी रांगेत नसते, आजोबा. आज तर नाहीच."

जॅनिस "टेसा..." म्हणाली. ट्रेव्हर उठून बसला, पोटावर मासा घेऊन.

ऑरविल खाली बघत होता. मग त्याने मान हलवली. "हो गं," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं. आजच्या दिवशी ती रांगेत नसतेच." मग मारिसोलकडे वळून, हवामान सांगावे तसे म्हणाला, "ती गेली. नोव्हेंबरात. मी सकाळी चुकून दोन टॉवेल आणले. पसरल्यावर लक्षात आलं. मग उचलवेना."

मारिसोलने टॉवेलकडे नेलेला हात मागे घेतला. ती उभी होती तिथेच फरशीवर बसली. नोकरीवर असताना बसायचे नसते, तरी बसली.

"माझ्या गुडघ्याचं विचारायच्या त्या," ती म्हणाली. "दर वर्षी. माझी स्वतःची मुलगी विचारत नाही."

"मला पण रोज विचारायची. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नसताना."

मारिसोल हसली आणि तिने डोळे पुसले. मग खिशातून पेन काढले, माझ्या चिठ्ठीवरची वेळ खोडली आणि नवी लिहिली. "आणखी एक तास. मग मी परत येते आणि परत एक तास लिहिते. संध्याकाळपर्यंत. बघू कोण काय म्हणतं ते."

ती लंगडत निघून गेली. ऑरविल बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिला. टेसा येऊन त्याच्या पायाशी बसली. तिचा ओला खांदा त्याच्या गुडघ्याला लागला.

"मी चुकीचं बोलले का?"

"नाही."

"आजी असती तर आता खुर्चीवर असती का?"

ऑरविलने मान वर केली. काठावर ती तरुण बाई अजून बसली होती. सावली तिच्यापासून आणखी लांब गेली होती. बाळ रडत नव्हते, पण ती सारखी वर धरलेला हात बदलत होती.

"नसती," तो म्हणाला. "धरलेली खुर्ची तिने कधी वापरलीच नाही नीट. वीस वर्षं माझी मेहनत वाया घालवली."

तो उठला. आधी लाल पोपट काढला. त्याला वेळ लागला, कारण चिमट्याची पकड घट्ट होती आणि त्याची सैल. चिमटा त्याने आपल्या शर्टाच्या खिशाला लावला. मग टॉवेलची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि काखेत धरली. चालत काठापाशी गेला.

"या. ती खुर्ची रिकामी आहे."

"अहो, पण तुमच्या मिसेस येणार होत्या ना?"

"मी खोटं बोललो. माफ करा." मग जरा थांबून म्हणाला, "ती असती तर तुम्हाला केव्हाच उठवून आणलं असतं तिने. मला उशीर झाला."

त्या बाईचे नाव डेलिया. अलाबामाची. तिचा नवरा पिझ्झाच्या रांगेत होता, खराखुरा. ती माझ्यावर टेकली, मग हळूहळू मागे रेलली. तिने पाय लांब केले आणि "आई गं" असा आवाज काढला. बाळ तिच्या छातीवर पालथे झोपले. मित्रांनो, बाळाचे वजन ते किती! पण माझ्या सगळ्या पट्ट्यांना ते जाणवले. निळ्याला सगळ्यांत जास्त, कारण ते बरोबर त्याच्यावर होते. मी कुरकुरले. ऑरविलने ऐकले. त्याने बत्तीसवरून हात लांब करून माझ्या कडेला ठेवला आणि दुपारभर तिथेच राहू दिला.

तासाने मारिसोल आली. चिठ्ठी काढली, चुरगळली आणि पुढे गेली.

साडेचारला मायलो ओरडला, "गाडी रिकामी! गाडी रिकामी!" आईस्क्रीमच्या गाडीपुढे कुणी नव्हते. सगळे धावले. ट्रेव्हर, त्याच्या पोटावर आता खरेच पांढरा मासा उमटला होता. जॅनिस, मायलो, टेसा, आणि शेवटी चालत ऑरविल. माझ्यापासून गाडी दिसते. ते खांद्याला खांदा लावून आडवे उभे राहिले. गाडीवाला नवा होता. "रांग लावा, प्लीज," तो म्हणाला.

"ही रांग नाही," मायलोने त्याला सांगितले. "आम्ही कुटुंब आहोत."

ऑरविल टोकाला उभा होता. त्याच्या आणि टेसाच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सुटली होती. ती त्याने मुद्दाम सोडली नव्हती. इतकी वर्षे तो तसाच उभा राहत आला होता. टेसाने त्या जागेकडे पाहिले. मला वाटले, ती सरकेल आणि ती जागा भरून टाकेल. ती सरकली नाही. तिने तिथूनच हात लांब केला. ऑरविलनेही केला. त्या जागेवरून दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि गाडीवाल्याला चॉकलेटची दोन सांगितली.

मित्रांनो, आता मी पुन्हा पंपघराच्या भिंतीमागे आहे. माझे मागणे फार नाही. आमच्यावर ओले टॉवेल टाकून जाऊ नका, त्याने सांध्यांतले स्क्रू गंजतात. पट्टा सैल दिसला तर वेळीच कुणाला तरी सांगा. आणि कुणी माणूस रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेला दिसला, तर ती खुर्ची एकदम ओढू नका. आधी विचारा, हळू विचारा. तुमच्याजवळ तशी खुर्ची असेल तर तासभर ठेवा. आणखी एक तास ठेवा, कुणी रागावणार नाही. मग जरा मान वर करून काठाकडे बघा. कुणीतरी उन्हात बसलेले असते.

फाटक बंद व्हायच्या आधी ऑरविल माझ्याकडे परत आला होता. त्याच्या हातात खोलीतला कॉफीचा पेला होता, नुसत्या कढत पाण्याने भरलेला. टेसा बरोबर होती. त्याने सैल झालेला निळा पट्टा एका बाजूने सोडवला आणि त्यावर पाणी ओतले.

"ओढ," तो तिला म्हणाला. "गरम आहे तोवरच ओढ."

तिने दोन्ही हातांनी ओढला. तो अजून घट्ट आहे.